ओठांची पारख

नवऱ्यानं रापीनं तासलेली चामड्याची पट्टी ओठांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मालननं नेहमीसारखं तोंड फिरवलं. बोटांना न कळणारा जाडपणा ओठांना कळतो, ही सासऱ्यांची शिकवण. तिला मात्र लग्न होऊन आल्यापासून त्याची किळस यायची. त्या ओठांना तिनं कधी धड जवळ येऊ दिलं नव्हतं.

“एकसारखी झालीय. शिवायला घे,” तो म्हणाला.

पट्टीवरून लाळ लोंबत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. दिवाळीत तोंडावरून वारं गेलं, तेव्हापासून त्याचे ओठ बधिर होते. कुठं जाड, कुठं पातळ म्हणत गिऱ्हाइकं कमरेचे पट्टे परत आणत होती आणि तो कातड्याला शिव्या घालत होता.

मालननं पदरानं लाळ पुसली. डोळे गच्च मिटून तीच पट्टी स्वतःच्या ओठांतून ओढली. कातड्याचा तुरटपणा, वर शिळी तंबाखू. शी! पण मधोमध उंचवटा स्पष्ट लागला.

“इथं जाड राहिलीय, परत तासा,” ती थुंकत म्हणाली.

त्याची मान खाली गेली.

“रोज आधी तुम्हीच बघा, मग मी. पण ती तंबाखू आजपासून बंद!”