स्पिरिटच्या बाटलीमागे

"दमलात?" चढावर थांबून बायकोने मागे पाहिलं.

"छे! तू हो पुढे," घड्याळवाला धापा टाकत म्हणाला.

हिवाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले होते. घड्याळातला बारीक स्क्रू चिमट्यात धरवेना. डॉक्टरांनी बजावलं, "कॉफी बंद. रोज सकाळी चाला." पण कॉफीवाचून त्याचं पान हलत नसे.

"तुम्ही एकट्यानेच का सोसायचं? मीही सोडते," बायको म्हणाली आणि घरातली सगळी कॉफी शेजारी देऊन आली. सुरुवातीला तिचंही डोकं ठणकायचं, पण तोंडातून ब्र नाही. आता तर चढ अशी चढायची, की त्याला गाठता येत नसे.

आणि तो? दुकानात स्पिरिटच्या बाटलीमागे त्याने कॉफीचा डबा दडवला होता. दुपारी बायको जेवण घेऊन यायची, काउंटर पुसायची, भांडी घेऊन परतायची. तिची पाठ वळली, की हा पाणी उकळायला ठेवायचा. कप रिकामा झाला की तरतरी यायची, हात स्थिर व्हायचे. मग संध्याकाळपर्यंत तोंड कडू.

टेकडीच्या माथ्यावर दोघं बाकावर टेकली. बायकोने त्याचा हात हातात घेतला.

"बघा, जरासुद्धा हलत नाही. चालण्याचा गुण!"

त्याने हात ओढून घेतला.

"चालण्याचा नाही गं. मी रोज दुकानात कॉफी पितो. तू माझ्यापायी सोडलीस आणि मी तुला फसवत राहिलो."

तिने त्याचा हात पुन्हा हातात घेतला.

"ठाऊक आहे मला. काउंटर पुसताना डबा सापडला. तेव्हाच त्यात कॅफीन काढलेली कॉफी भरली. तुम्ही नवी आणून भरलीत, की तीही बदलते."

"म्हणजे ही तरतरी..."

"चालण्याचीच."

तो खजील होऊन हसला. एवढं माहीत असून हिने एकदाही टोमणा मारला नव्हता. हिच्याकडे आता कोणत्या तोंडाने बघायचं?

"आणि माझी खरी कॉफी? फेकून दिलीस?"

बायको चपलेचा पट्टा सारखा करायला वाकली.

"टाकवेना हो," ती मान वर न करता म्हणाली. "म्हटलं, एकच कप पिऊ. आता तिसरा डबा चालू आहे."