गाडी वळायची जागा

“एस्टीची एशी गाडी आणतो! गारेगार!” पंचायत समितीला उभा राहिलेला वीरभद्र पारावरून माइकात ओरडला.

युवराजही उमेदवार. तो कसला मागं राहतोय? त्यानं माइक हिसकून घेतला. “माझी गाडी विजेवरची! बायांना शिटावर पंखा, आन् शेरडालाबी शीट!”

टाळ्या पडल्या. दोघांना आणखी घटकाभर बोलू दिलं असतं, तर वाडीत विमानच उतरलं असतं. तिसरी उमेदवार शिवगंगा. ती खाली बायांत बसलेली. तिच्यापर्यंत माइक पोचलाच नव्हता.

धुरपदाबाईचे हात काही टाळीला उठंनात. नात अर्पिता दहावीला होती. पुढचं कॉलेज भूमला, सोळा किलोमीटर. लेकानं, रामलिंगनं, सांगून टाकलं होतं, “एस्टी सुरू झाली तर कॉलेज. न्हायतर पोरगी घरी.” आन् उद्याच डेपोचे साहेब रस्ता बघायला येणार होते. त्यांनी नको म्हणलं, की फेरी दुसऱ्या गावाला जाणार.

म्हातारी उठली. “गाडी आणताल रे बाबांनो, पण वळवताल कुठं?”

बारा वर्षांमागं एकदा एस्टी आली होती. वळायला जागा न्हाय, म्हणून तीन किलोमीटर उलटी गेली. त्या डायवरची मान तवापासून मागंच वळलेली हाय. जेवतानाबी ताट पाठीमागं ठेवून घेतो म्हणं. तरी गाव बारा वर्षं गाडीच मागत बसलं. जागेचं कुणी नावच काढलं न्हाय.

“किती जागा लागती, आज्जी?” शिवगंगानं विचारलं.

“तवाचा कंडक्टर म्हणला हुता, चाळीस पावलं पायजेत.”

शिवगंगानं पदर खोचला आन् पारापासून पावलं मोजत निघाली. सव्विसाव्या पावलाला भिंत आडवी आली. तिच्याच गोठ्याची. नवरा गेल्यावर दोन म्हशींच्या जिवावर तिनं घर उभं केलं होतं, आन् ती भिंत स्वतः विटा वाहून बांधली होती. ती भिंतीवर हात ठेवून जराशी थांबली.

“पाडा ही. म्हशी मागल्या अंगाला बांधीन.”

“आरं, आचारसंहिता हाय!” वीरभद्र उसळला. “उमेदवारानं गावाला जागा द्यायची म्हंजे मतदाराला लाच! मी तक्रार करणार!”

“बरोबर हाय!” युवराज म्हणाला. निवडणूक लागल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शिवगंगानं मोबाइलवर वेळ बघितली. साडेबारा. “अर्ज माघारी घ्यायला आज तीनपर्यंत मुदत हाय न्हवं? मग मी उमेदवारच ऱ्हात न्हाय. आता तर देता येईल?”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिला भूमच्या तहसिलीत न्यायला दोघांच्याबी जीपा सुरू झाल्या.

“ताई, माझ्या गाडीत बसा!”

“वहिनी, माझी पळती जोरात!”

“एकटी न्हाय येणार,” शिवगंगा म्हणाली. मग एका जीपमधी दवाखान्यात जायची नागूबाई बसली, दुसरीत बाजारवाल्या बाया, टपावर वांग्यांच्या पाट्या. तरी वीरभद्र दार धरून म्हणतोय, “या या, अजून जागा हाय!”

रामलिंग घरातून पहार घेऊन आला आन् भिंतीला लागला. पहिल्या घावाला म्हशी हंबरल्या. अर्पिता पळत जाऊन त्यांची दावी सोडायला लागली.

धुरपदाबाई शिवगंगा बसलेल्या जीपच्या खिडकीला लोंबकळली. “येडे, निवडून आली असतीस की गं! सगळ्या बाया तुलाच देणार हुत्या.”

शिवगंगा हसली.

“निवडून येऊन तरी काय करायचं हुतं, आज्जी? हेच की.”