वीजबिलांमधली मनोरमा

"आई, हा बघ ना, न विचारता सगळीकडे फिरतोय," उन्नती बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

वसुंधरा नुकती पानावर बसत होती. अविधवा नवमीची सवाष्ण, तळमजल्यावरच्या परबवहिनी, आत्ताच ओटी घेऊन खाली गेल्या होत्या. त्या जेवून उठेपर्यंत वसुंधरा पाण्याचा घोटही घेत नसे.

"कोण फिरतोय?"

"अल्बमचा प्रोग्रॅम गं. मासिकाबरोबर सीडी आली ना, त्यातला. कॉम्प्युटरमध्ये जिथे जिथे फोटो असतील तिथून शोधून आणतो. आपण फक्त पानावर चिकटवायचे, बाजूला फुलंबिलं काढायची."

"बाबांच्या ऑफिसच्या फायलींना हात लावू देऊ नकोस त्याला."

"तो वाचत नाही काही, नुसते फोटो उचलतो. पण आई, तुझा एक तरी धड फोटो आहे का? एकात डोळे मिटलेले, एकात तोंडापुढे झारा. बाबांच्या वाढदिवसाच्या अल्बममध्ये मी काय चिकटवू, झारा?"

वसुंधरा हसली. भातावर वरण घेतलं, तुपाची वाटी जवळ ओढली.

"आणि ही कोण? वीजबिलांच्या फोल्डरमधून आलीये."

पानावरून मध्येच उठायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. ती उठली.

पडद्यावर अर्नाळ्याचा किनारा होता. मागे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. पुढे वाळूत एक किडकिडीत मुलगी बसली होती, पदर वाऱ्यानं उडालेला, मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ. हसताना तिचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला दिसत होता. अगदी तसाच दात उन्नतीचा. त्याला तार लावायची म्हणून मागच्याच आठवड्यात वसुंधरा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होती.

वसुंधराला वेगळं सांगावं लागलं नाही.

उन्नतीला जन्म देणारी मनोरमा, पोर दीड वर्षाची असताना गेली. हे घरात कुणी लपवलं नव्हतं. आजची नवमी कुणासाठी, हे उन्नतीलाही ठाऊक होतं. पण तिच्या लेखी नवमी म्हणजे खीर. चेहरा तिनं पाहिलाच नव्हता. नव्या सुनेला अवघड वाटायला नको म्हणून सासूबाईंनी लग्नाआधीच सगळे फोटो उतरवले होते, आणि वसुंधरानं ते कुठे गेले म्हणून कधी विचारलं नव्हतं. मनात एक भीती होती, देवापुढे बसूनही कधी बोलून न दाखवलेली. चेहरा सापडला की पोर त्या चेहऱ्याची होणार.

म्हणजे नवऱ्यानं, चंद्रहासनं, फोटो टाकून दिले नव्हते तर. स्कॅन करून विजेच्या बिलांत ठेवले होते. वसुंधरा तिथे कधी बघणार नाही म्हणून, तिला वाईट वाटू नये म्हणूनच.

"ओळखीचं नाहीये ना कुणी? मग लपवून टाकते. तसं बटण आहे यात," उन्नती म्हणाली. माउसवर तिचं बोट तयारच होतं.

असेल कुणी नात्यातली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वसुंधराच्या ओठांवर ते आलंही.

पण नजर त्या मुलीवरून हलेना. दरवर्षी ती मनोरमाताई म्हणून हात जोडायची, तेव्हा डोळ्यांपुढे एक उंच, भारदस्त बाई यायची, जराशी नाराज. ही तर चोवीस-पंचवीस वर्षांची. आपल्याहून दहा वर्षांनी तरी लहान. हिला आपण घाबरत होतो?

"लपवू नकोस," ती म्हणाली. "बाळा, ही मनोरमा. तुझी आई."

पडद्यावर दुसरीकडे उन्नतीचं पान उघडं होतं: वर 'माझं घर', खाली तीन चौकटी. बाबा, आई, मी. तिनं तो फोटो धरून मधल्या चौकटीकडे नेला आणि अर्ध्या वाटेत थांबली.

"इथे एकच जागा आहे," ती वसुंधराकडे न बघता म्हणाली.

"मग ठेव ना तिथे."

"आणि तू?"

"मी कुठे चाललेय? ही काय, तुझ्या खुर्चीला टेकून उभी आहे."

उन्नतीनं मान मागे टाकली, वसुंधराच्या पोटाला डोकं लागलं. ते तिथेच ठेवून तिनं बोट उचललं. फोटो चौकटीत बसला. मग तिनं तो मोठा केला.

"मांडीवर मी आहे?"

"हो."

"ती कुणाकडे बघतेय?"

"तुझ्याकडे."

उन्नती पुढे सरकली. बाळाची मान वळलेली होती, फोटो काढणाऱ्याकडे.

"मी बघतच नाहीये तिच्याकडे," ती हळूच म्हणाली.

खिडकीतलं कलतं ऊन सरळ मॉनिटरच्या काचेवर आलं होतं, अर्धा चेहरा त्यात पुसटला होता. वसुंधरानं जाऊन पडदा ओढला.

"आता बघ," ती म्हणाली. "सावकाश बघ."