वजा एकशेवीस

"हलू नकोस गं आई, तसाच धर!"

कॉलेजच्या गच्चीवर शलाकाची आई मोजपट्टीच्या पात्यांचा अँटेना आभाळाकडे रोखून उभी होती. विद्यार्थ्यांनी बनवलेला वीतभर उपग्रह सोडल्यापासून गप्प होता. बाकीच्यांनी आशा सोडली होती. आजही तो बोलला नाही, तर मेला असं समजायचं ठरलं होतं.

लॅपटॉपवर एक रेघ थरथरली.

"आला सिग्नल! शक्ती वजा एकशेवीस!"

"वजा?" आईचा चेहरा उतरला. "शून्याच्याही खाली? मग आलं काय, कपाळ?"

"अगं, डीबीएम या मापात एका मिलिवॅटलाच शून्य म्हणतात, त्याहून कमी ते वजा. वॅटमध्ये करून दाखवते." विटेचा तुकडा घेऊन ती कठड्यावर लिहीत निघाली.

०.०००

०००००

००००००

"अगं बाई, पण आकडा आहे कुठे तो?" आईने विचारलं.

१

शलाकाने हे रूपांतर कितीदा केलं होतं, पण शून्यं अशी मांडून कधी पाहिली नव्हती. तिने शेवटच्या एकावर बोट ठेवलं. "एवढीशीच शक्ती पोचली, आई. तेवढ्यावर सांगतोय, जिवंत आहे."

आई त्या एकाकडे बघत राहिली. मग अँटेना जराही न हलवता तिने दुसऱ्या हाताने मनगटावरच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून घट्ट दाबून धरल्या.