ऑलिव्हची आयर्लंडवारी

माणसाला आयुष्यात एकदा तरी बसल्या जागी, दुसऱ्याच्या हातचा चहा मिळायला हवा, असं ऑलिव्हचं ठाम मत होतं. आखातातल्या मुहर्रक गावातल्या तिच्या गेस्टहाऊसात हे सुख प्रत्येक पाहुण्याला रोज सकाळी मिळायचं. चहा अर्थात ऑलिव्हच करायची.

हिद्दच्या गोदीवरचा आयरिश इंजिनियर डॉयल तिच्याकडे दोन वर्षं राहिला. त्याच्या घरचंही गेस्टहाऊस होतं, आयर्लंडमधल्या एका जुन्या, छोट्या गावात. त्र्याऐंशी साली घरी परतताना तो म्हणाला, "मिसेस, या सुट्टीत वसईला नको, आमच्याकडे या. काम काही नाही, नुसतं बसून खायचं." ऑलिव्हच्या नवऱ्याने, बेनेडिक्टनेही मन मोठं केलं. "जा तू. इथलं मी बघतो."

ती परत आली ती डोळ्यांखाली काळं घेऊन. तिथल्याच सलमानिया हॉस्पिटलात नर्स असलेली तिची मैत्रीण डॉली लगेच भेटायला आली.

"सांग ना बाय, कशी झाली सुट्टी?"

"पहिल्याच सकाळी डॉयलची म्हातारी आई दिसली," कांदा चिरता चिरता ऑलिव्ह म्हणाली. "पाय हे एवढे सुजलेले, आणि पाहुण्यांच्या नाश्त्याचा ट्रे घेऊन जिना चढत होती."

"मग?"

"मग काय. घेतला ट्रे तिच्या हातातून."

"त्या एका दिवसापुरता ना?"

ऑलिव्हने दुसरा कांदा घेतला.

"बरं, ते जाऊ दे," डॉली म्हणाली. "तिथे आठशे वर्षांचा किल्ला आहे म्हणे. तो तरी बघितलास ना?"

"बघितला की, रोज. सिंकच्या वरच्या खिडकीतून अख्खा दिसतो."