शहाणी पिल्लं

प्रयोगशाळेत पडद्यावरची रेघ खाली गेली आणि बघत बसलेली ती खुर्चीतून उठलीच. पुन्हा मोजून पाहिलं. रेघ खालीच होती.

"बाई, लवकर या!"

उंदराच्या मेंदूत बदामाच्या आकाराचा इवलासा भाग असतो. भीतीचा कारभार तिथून चालतो. तिथल्या पेशींना 'गप्प बसा' असं सांगणारा एक संदेश असतो. पण गंमत अशी, की अगदी तान्ह्या पिल्लांत हाच संदेश पेशींना गप्प करायचं सोडून उलट डिवचतो. लगाम म्हणून कामाला यायला त्याला वेळ लागतो. तो वेळ नेमका किती, हे शोधण्यात तिची तीन वर्षं गेली होती. दहा दिवसांच्या पिल्लांत लगाम कच्चा असायला हवा होता. तिच्या पिल्लांत रेघ खाली गेली, म्हणजे पेशी गप्प झाल्या; लगाम मोठ्या उंदरासारखा पक्का निघाला. एका नव्हे, अकराच्या अकरा पिल्लांत.

प्रबंध द्यायला महिना उरला होता. असा शोध हाती लागला म्हणजे पुढची नोकरी कुठे जाते!

मार्गदर्शक बाई आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आलेख पाहिला. शाबासकीच्या बाबतीत त्या मुळातच चिक्कू.

"भलतीच शहाणी पिल्लं गं ही," त्या म्हणाल्या. "रोज वजनं घेत होतीस ना यांची?"

"एक दिवस चुकवला नाही."

"किती वेळ लागायचा?"

"वजनाला दोन मिनिटं. पण काटा खालच्या मजल्यावर ना. सारखी ने-आण नको म्हणून सगळी पिल्लं सकाळी एकदमच खाली न्यायचे आणि जेवण झाल्यावर एकदमच वर आणायचे. फार तर चार तास. पण खाली गरम गादी होती, बाई. ऊब अगदी मोजून ठेवलेली."

"ऊब होती. आई नव्हती." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आई रोज चार-चार तास नाहीशी झाली तर पिल्लू काय करेल? स्वतःच स्वतःला गप्प करायला शिकेल. मला तरी ही हुशारी वाटत नाही, नाइलाज वाटतो. नव्या विणीची पिल्लं घे, काटा वर ने आणि सगळं पुन्हा कर."

काटा वर न्यायचं इतक्या दिवसांत तिला सुचलंच नव्हतं. सहा महिन्यांची मेहनत मातीत गेली. तिला बाईंचा भयंकर राग आला, आणि त्यांचं म्हणणं पटत होतं म्हणून जास्तच आला. संध्याकाळी मुलीला घ्यायला पाळणाघरात पोचली तेव्हाही ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होती.

पाळणाघराच्या ताई दारातच उभ्या होत्या.

"घाबरू नका हं. दुपारी दारात बोट चेमटलं तिचं. डॉक्टरांकडून पट्टी बांधून आणलीय. नख पार काळंनिळं झालंय, पण तुमची आजीबाई हूं की चूं करेल तर शपथ! बाकीची पोरं नुसतं बघून रडली. मी तुम्हाला फोन करायला गेले, तर म्हणते कशी, 'नको, आई कामात असते.' चार वर्षांची पोर, पण काय समज आहे हो!"

एरवी असं काही ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आजीबाईचे किस्से ती नातेवाइकांत तिखटमीठ लावून सांगायची. आज मात्र ती ताईंना ओलांडून थेट आत गेली.

मुलगी बूट घालून, दप्तर पाठीला लावून बाकावर बसली होती. पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवलेला. आई तिच्यासमोर फरशीवरच बसली.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं."

"मग रड ना, बाळा. रडलीस तरी चालेल. मी आहे इथे."

मुलीने आईकडे पाहिलं. खालचा ओठ थरथरायला लागला, तसा तिने तो दातांखाली धरला.

"किती वेळ आहेस?" तिने विचारलं.