एका मताने

सत्तर वर्षांचं जुनं मैदान सोडून रग्बी लीगच्या क्लबने शेजारगावच्या नव्या स्टेडियममध्ये जायचं, असं सभासदांच्या गुप्त मतदानात अवघ्या एका मताने ठरलं.

"कोण हा घरभेदी?" चाकाच्या खुर्चीतला क्लाइव्ह तडकला. "रडू नकोस, डोरीन. आपण दोघं तरी इमानाला जागलो."

डोरीनने मत दिलं होतं ते जाण्याच्या बाजूने, केवळ नवऱ्यासाठी. ती चाचरत म्हणाली, "तिथे लिफ्ट आहे रे. इथे दर रविवारी चौघं तुला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवतात. किती लाजल्यासारखं होत असेल तुला!"

"लाज कसली? 'म्हाताऱ्या, बिअर कमी कर' म्हणत, धापा टाकत शिव्या घालतात ना, त्यासाठी तर आठवडा ढकलतो मी. ती लिफ्ट काय बोलणार माझ्याशी?"